फायबरच्या बॉडीला रंग देण्याआधी

वाचकाचे पत्र (संक्षिप्त) : मी मूळचा कोल्हापूरचा असून गेली काही वर्षे ब्रिटनमध्ये कॉव्हेंट्रीला राहतो. मागच्या वर्षी एका गृहस्थांकडून कोब्रा या जुन्या उघड्या स्पोर्ट्स कारच्या धर्तीच्या किट कारचा, म्हणजे सुटे भाग घेऊन घरी जोडायच्या गाडीचा, अर्धवट राहिलेला संच घेतला. चासी तयार आहे, परंतु फायबरची बॉडी त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली नऊ वर्षे पडून होती. बॉडी पांढरट जेलकोटमध्ये, म्हणजे फायबरवरच्या गुळगुळीत रंगीत थरात, आहे. पुढच्या मडगार्डांवर आणि मागच्या बाजूला साच्याच्या जोडाचे लांब उंचवटे आहेत आणि दाराच्या कोपऱ्याशी कोळ्याच्या जाळ्यासारख्या भेगा आहेत. बॉनेटच्या कोपऱ्यावर डब्यातले स्प्रेचे अस्तर (प्रायमर) मारून पाहिले, तर ते जागोजागी फाटून गोल खड्डे पडले. माझे मामा कोल्हापूरला उद्यमनगरात तीस वर्षे डेंटिंग-पेंटिंग करतात. ते फोनवर सांगतात, ‘आधी अ‍ॅसिडवाले अस्तर मार, मग लांबी (खळगे बुजवायची पेस्ट) भर आणि पाणी पेपरने घास.’ इथल्या पेंटरने तयारीसकट सांगितलेला आकडा मला परवडणारा नाही. त्यामुळे तयारी मीच करणार आहे आणि जमल्यास रंगही घरच्या गॅरेजमध्ये मारणार आहे. रंग गडद निळा आणि वर दोन पांढरे पट्टे. कोणते अस्तर वापरू?

उत्तर : तुमच्या पत्रातला शेवटचा प्रश्न अस्तराचा असला, तरी त्याचे उत्तर मी बऱ्याच खाली देणार आहे. आज तुमच्यासमोर असलेल्या बॉडीवर कोणतेही अस्तर, कितीही महाग घेतले तरी, टिकणार नाही, आणि बॉनेटच्या कोपऱ्याने ते तुम्हाला आधीच सांगितले आहे. मामांविषयी एवढेच म्हणतो, की हाताच्या कामात त्यांचा शब्द प्रमाण माना आणि मालाच्या बाबतीत थोडा थांबा. त्यांचे सारे आयुष्य पत्र्यावर गेले आहे, आणि पत्रा ठोकून सरळ केला की तसाच राहतो. फायबर तसे नाही. त्याच्या पोटात मेण, हवा आणि पाणी असते आणि ऊन लागले की ते हलतेही. या चारही गोष्टी रंग चढण्यापूर्वी बाहेर काढाव्या लागतात.

त्यासाठी ही बॉडी बनते कशी, ते आधी डोळ्यांसमोर आणा. ती उलट्या क्रमाने बनते. साच्याला आतून मेण लावतात, त्यावर बॉडी साच्यातून सुटावी म्हणून बरेचदा पीव्हीए या रसायनाचा पातळ पापुद्रा मारतात, मग साधारण अर्धा मिलिमीटर जाडीचा रंगीत जेलकोट आणि तो थोडा धरला की काचेच्या तंतूंची मॅट व पॉलिएस्टर रेझिन यांचे थर. म्हणजे तुम्हाला दिसणारा पृष्ठभाग सर्वांत आधी बनलेला आहे आणि साच्याच्या मेणाला तोच चिकटून होता. ते मेण बॉडीबरोबर बाहेर आले आहे, आणि तुमचे अस्तर ज्या ठिकाणी फाटून गोल खड्डे पडले, ज्याला पेंटर लोक फिश आय म्हणतात, तिथे बहुधा त्याचेच अवशेष आहेत. नऊ वर्षांत कोणी सिलिकॉनचे पॉलिश फिरवले असेल तर तेही त्यात असू शकते.

म्हणून पहिली सूचना अशी, की पॉलिश पेपरला सध्या हातच लावू नका. मेण असलेल्या पृष्ठभागावर पेपर फिरवला की मेण निघत नाही, उलट प्रत्येक ओरखड्यात दाबून बसते आणि नंतर ते काढणे जवळजवळ अशक्य होते. आधी कोमट पाणी, भांड्यांचा साबण आणि मऊ ब्रश घेऊन संपूर्ण बॉडी दोनदा धुवा, कारण पीव्हीए पाण्यात विरघळते, थिनरने मात्र ते हलत नाही. पूर्ण वाळल्यावर, तिकडे पॅनेल वाइप म्हणून मिळते ते मेण-तेल काढणारे द्रावण घ्या आणि दोन फडक्यांनी काम करा. एका हातातल्या ओल्या फडक्याने हातभर जागा पुसायची आणि द्रावण उडून जाण्याच्या आत दुसऱ्या हातातल्या कोरड्या फडक्याने ते टिपून घ्यायचे. द्रावण जागेवरच वाळू दिले तर विरघळलेले मेण पुन्हा तिथेच बसते. फडकी सारखी बदला, एक फडके दुसऱ्या भागावर नेऊ नका, आणि बॉनेटवरचे फसलेले अस्तरही घासून न काढता थिनरच्या फडक्याने पुसून काढा. रंग काढण्याचे रासायनिक स्ट्रिपर मात्र या बॉडीच्या जवळपास आणू नका, कारण ते जेलकोट आणि रंग यांत भेद करत नाही. काम झाले की स्वच्छ पाणी ओतून पाहा. पाण्याचा सलग पातळ पडदा पसरला तर मेण गेले, आणि मणी होऊन ते सुटे झाले तर त्या जागी पुन्हा बसा. मला माझ्या बॉडीवर हा उद्योग चार वेळा करावा लागला होता, तेव्हा दोनदा धुऊन मणी दिसले तर निराश होऊ नका.

दुसरी गोष्ट पाण्याची. जेलकोट बाहेरून पाणी अडवतो, परंतु बॉडीची आतली बाजू उघडी असते आणि तिथली काचेच्या तंतूंची टोके वातीसारखे पाणी ओढतात. ताडपत्रीखाली नऊ ब्रिटिश हिवाळे काढलेली बॉडी आतून दमट नसेल तरच नवल. तिला छपराखाली घ्या, गॅरेजमध्ये दमटपणा शोषणारे विजेचे यंत्र लावा आणि काही आठवडे जाऊ द्या. नंतर आतल्या बाजूला पारदर्शक प्लॅस्टिकचा हातरुमालाएवढा तुकडा चारही कडांनी चिकटपट्टीने बंद करून लावा. एक-दोन दिवसांनी त्याच्या आत धुके धरले, तर बॉडी अजून दमट आहे असे समजा. गॅस किंवा रॉकेलचा धुरांडे नसलेला हीटर लावून हे काम लवकर उरकण्याचा मोह आवरा, कारण त्या ज्योतीतून वाफच बाहेर पडते, आणि पुढे रेझिन आणि थिनरच्या वाफा असताना ती ज्योत तर धोक्याचीच आहे.

बॉडी वाळत असेल तेव्हा ती जमिनीवर किंवा लाकडी ठोकळ्यांवर ठेवून पुढचे काम करू नका. ती चासीवर बसवा, सर्व बोल्ट आवळा, गाडी तिच्या चाकांवर उभी करा, दारे, बॉनेट आणि डिकीचे झाकण बिजागऱ्यांवर चढवा. सुटी बॉडी थोडी पिळलेली असते आणि चासीवर आवळल्यावर वेगळा आकार घेते. सुट्या बॉडीवर सरळ केलेली फट आवळल्यावर तिरकी होते. दाराभोवतीची फट चार ते पाच मिलिमीटर आणि सगळीकडे सारखी ठेवण्याचा प्रयत्न करा. अस्तर आणि रंग मिळून दोन्ही कडांना जाडी येते, त्यामुळे आत्ता अगदी नेमकी वाटणारी तीन मिलिमीटरची फट रंगानंतर दाराला घासू शकते.

याच टप्प्यावर दिव्यांची, आरशांची, इंधनाच्या झाकणाची, सगळी भोके पाडून घ्या. भोक बाहेरून पाडा, जागेवर चिकटपट्टी लावा आणि ड्रिल सुरुवातीला उलटा फिरवून जेलकोट कापून घ्या, म्हणजे कडेची खपली उडणार नाही. तुमची गाडी रस्त्यावर येण्यापूर्वी डीव्हीएसए या तिथल्या सरकारी वाहन-तपासणी संस्थेच्या आयव्हीए चाचणीतून, म्हणजे एकेका गाडीला मंजुरी देणाऱ्या तपासणीतून, जाईल. तिथे बाहेरच्या भागांच्या, माणसाला लागू शकतील अशा कडांची गोलाई किमान २.५ मिलिमीटर असावी लागते. चाकांवरच्या मडगार्डांच्या कडा आणि बॉनेटवरचे हवेचे तोंड इथे किट बनवणाऱ्यांची फजिती होते. हे नियम मूळ पुस्तिकेतून वाचून घ्या, आणि शक्य असेल तर ही चाचणी रंगाआधीच, नुसत्या जेलकोटवर किंवा अस्तरावर, देऊन टाका. परीक्षकाने एखादी कड घासायला लावली तर घासलेली कड अस्तराची असावी, चकचकीत निळ्या रंगाची नव्हे.

आता साच्याच्या जोडांचे ते उंचवटे. तुमच्या पत्रातल्या सर्व गोष्टींत मला याच कामाची सर्वाधिक काळजी वाटते, कारण ते सर्वांत सोपे दिसते. कोब्राच्या आकाराची बॉडी एकसंध साच्यातून सुटत नाही, म्हणून साचा तुकड्यांत करून बोल्टने जोडतात, आणि जोडाच्या फटीत जेलकोट शिरून हा वळ उठतो. पेपरने तो दहा मिनिटांत सपाट होतो. पण त्या रेषेखाली काय आहे ते पाहिले पाहिजे. वळ हा निव्वळ जेलकोट असतो, त्यात काच नसते, आणि त्याच्या मागे मॅट कोपऱ्यात पुरती दाबली न गेल्यामुळे पुष्कळदा हवेची लांबट पोकळी राहते. मी माझ्या पहिल्या गाडीचे वळ असेच घासून, वर लांबीचा पातळ हात फिरवून, मोठ्या अभिमानाने रंगवले होते. पुढच्या उन्हाळ्यात दिव्यापासून दारापर्यंत एक रेघ हातावरच्या शिरेसारखी वर आली. त्या रेघेवर बोट फिरवले की आतला मऊपणा कळत असे. सगळा रंग उतरवून ते काम पुन्हा केले तेव्हा मी शिकलो, ते असे.

वळ आधी सपाट करा. मग बॉडीच्या आतल्या बाजूने, त्याच रेषेवर, साधारण हाताच्या तळव्याएवढ्या रुंदीचा पट्टा खरखरीत पेपरने घासून, स्वच्छ पुसून, ४५० ग्रॅमच्या (दर चौरस मीटरला) चॉप्ड मॅटचे, म्हणजे तुकडे केलेल्या तंतूंच्या मॅटचे, दोन थर पॉलिएस्टर रेझिनमध्ये चढवा. ब्रशने ओढू नका, टिपत टिपत आणि छोट्या लोखंडी रोलरने हवा काढत चला, आणि मॅट पांढरी न राहता पारदर्शक झाली की पुरे. आतून असा आधार आल्यावरच बाहेरून ती रेषा उघडा. ग्राइंडरच्या चकतीने तिथे उथळ दरी करा, रुंदी दोन्ही बाजूंना मिळून तीन-चार सेंटिमीटर, मध्यावर खोल आणि कडांकडे विरत जाणारी, आणि हिरवट-पारदर्शक घट्ट फायबर लागेपर्यंत थांबू नका. वाटेत पोकळी लागली तर ती पूर्ण फोडा. मग त्या दरीत बारीक मॅट व टिश्यू (काचेच्या तंतूंचा अगदी पातळ पापुद्रा) रेझिनसह भरा, किंवा काचेचे तंतू मिसळलेली लांबी भरा, आणि शेवटचा पातळ हात साध्या लांबीचा. पोकळी नुसत्या लांबीने बुजवणे म्हणजे विहिरीवर चटई अंथरणे आहे.

रेझिनबाबत दोन शब्द. त्याला घट्ट करणारा कॅटॅलिस्ट म्हणजे एमईकेपी, तो वजनाने एक ते दोन टक्के मिसळतात, आणि तो डोळ्यांत उडाला तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे चष्मा घातल्याशिवाय बाटली उघडू नये. रेझिनमध्ये आधीपासून कोबाल्टचा अ‍ॅक्सिलरेटर नसेल आणि तो वेगळा घालायचा असेल, तर कॅटॅलिस्ट आणि अ‍ॅक्सिलरेटर एकमेकांत थेट कधीही मिसळू नका, त्यांचा भडका उडतो. अ‍ॅक्सिलरेटर मिसळून आलेले रेझिनच घ्या आणि हा प्रश्नच संपवा. गॅरेज पंधरा अंशांच्या खाली असेल तर त्या दिवशी रेझिनला हात लावू नये. थंडीत ते चिकट राहते आणि कॅटॅलिस्ट वाढवून कोणाचेही भले झालेले नाही. वाळल्यावरही वरचा पापुद्रा थोडा चिकट राहील, कारण हवेला लागलेले रेझिन पुरते धरत नाही. तो अ‍ॅसिटोनने पुसला की पेपर भरून जात नाही.

यानंतर नाणे घ्या. एखादे पेन्सचे नाणे बोटांत धरून त्याच्या कडेने संपूर्ण बॉडीवर टकटक करत जा, विशेषतः कडा, वळलेले ओठ, दिव्यांच्या खोबणी आणि मडगार्डांचे कोपरे, कारण मॅट तीव्र वळणात बसायला नाखूश असते. घट्ट ठिकाणी आवाज कोरडा टणक येतो, पोकळीवर बद्द येतो. नारळ निवडताना आपण जो कान लावतो तोच कान इथे लावायचा. प्रत्येक बद्द जागेवर पेन्सिलने गोल करा आणि टोच्याने जेलकोट फोडा. तो अंड्याच्या कवचासारखा आत जातो आणि खाली मोकळी पोकळी दिसते. पांढऱ्या, अखंड दिसणाऱ्या जेलकोटमध्ये टोच्या खुपसताना जीव वर येतो हे मला माहीत आहे, परंतु आत कोंडलेली हवा उन्हात फुगून रंगाला फोड आणणारच आहे, तेव्हा तो फोड आत्ताच फोडलेला बरा. कडा मागे सरकवत घट्ट फायबर लागेपर्यंत खोदा आणि भरा.

दारापाशी असलेल्या जाळीदार भेगांना लांबी लावण्यापूर्वी त्या तिथे का आल्या ते शोधा. भेगा जेलकोटमध्ये आहेत, पण कारण बहुधा मागे असते. बिजागरीजवळ असतील तर दाराचा भार त्या पातळ भागावर येत असावा, आणि एकाच बिंदूपासून किरणांसारख्या फुटल्या असतील तर आतून कोणाचा तरी पाना आपटलेला असतो. बिजागरीचा भाग आतून मॅटने किंवा पोलादी पट्टीने मजबूत केल्याशिवाय बाहेरची दुरुस्ती टिकणार नाही. भेग किती लांब गेली आहे ते पाहायला गाईड कोटची, म्हणजे पृष्ठभागातले दोष दाखवणारी, काळी पूड चोळून पुसून काढा, म्हणजे डोळ्यांना न दिसणारी टोकेही काळी दिसतात. त्या टोकांच्याही थोडे पुढेपर्यंत जेलकोट घासून काढा आणि तिथे तीस ग्रॅमच्या आसपासचा पातळ टिश्यू रेझिनसह बसवा. नुसती लांबी भेगेत भरली तर ती एक हिवाळा गप्प राहील.

मग येते सर्वत्र घासणे, आणि इथून पुढे मामांचे राज्य सुरू होते, एका अपवादासह. संपूर्ण जेलकोट १८० ते २४० नंबरच्या पेपरने मंद करा, एकही चकचकीत बेट उरू देऊ नका, पण काचेपर्यंत जाऊ नका. अर्धा मिलिमीटर लवकर संपतो, आणि तंतू उघडे पडले तर ती जागा टिश्यू आणि रेझिनने पुन्हा बंद करावी लागते. लांबी घासलेल्या जेलकोटवर थेट लावा, हार्डनर शंभर ग्रॅमला साधारण दोन ग्रॅम. मामा तो डोळ्यांनी रंग पाहून टाकत असतील आणि त्यांचा अंदाज चुकत नसेल, परंतु तुम्ही सुरुवातीला वजनकाटा वापरा. हार्डनर जास्त झाला तर त्यातले जास्तीचे पेरॉक्साइड पुढे रंगातून डाग होऊन वर येते. लांबी फेटू नका, पात्याने दाबून कालवा, कारण फेटली की हवा शिरते आणि टाचणीच्या टोकाएवढी भोके संपूर्ण बॉडीभर तुम्हाला छळतात. आकार आणण्यासाठी ८० नंबरचा पेपर, मग १२०, मग १८०.

अपवाद पाण्याचा. पत्र्यावरही जाणते कारागीर उघड्या लांबीला पाणी लावत नाहीत, फायबरवर तर ते मुळीच चालत नाही. लांबी पाणी पिते, उघडे तंतू पाणी ओढतात, आणि वर रंग बंद झाला की तेच पाणी वाफ होऊन बुडबुडे आणते. तुमच्या वाट्याचे सर्व घासणे कोरडेच राहील. त्याचा त्रास असा, की काच आणि पॉलिएस्टरची धूळ खाजकुयलीसारखी अंगात शिरते. एफएफपी३ दर्जाचा मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे, मनगटाला चिकटपट्टी, आणि काम झाल्यावर आधी थंड पाण्याने अंघोळ. ते कपडे घरच्या कपड्यांबरोबर धुतले तर घरात पुढचे काही दिवस तुमच्याशी कोणी नीट बोलणार नाही.

आता तुमचा प्रश्न. अ‍ॅसिडवाले अस्तर, म्हणजे एच प्रायमर, धातूसाठी आहे. त्यातले फॉस्फोरिक अ‍ॅसिड धातूच्या पृष्ठभागाशी क्रिया करून पकड घेते. फायबरमध्ये त्याला क्रिया करायला धातूच नाही, आणि त्यावर पॉलिएस्टर लांबी लावली तर उरलेले अ‍ॅसिड लांबी नीट धरू देत नाही. मामांचा सल्ला त्यांच्या पत्र्यापुरता अचूक आहे. मूळ कोब्राची बॉडी अ‍ॅल्युमिनियमची होती, ती त्यांच्यासमोर असती तर धातूच्या हिशेबाने त्यांचे म्हणणे मी मोडले नसते. तुम्ही दोन भागांचे इपॉक्सी अस्तर घ्या. त्याचे एक-दोन हात लांबी, रेझिन आणि जेलकोट या तीन वेगवेगळ्या शोषणाच्या पृष्ठभागांना एकसारखे बंद करतात. त्यावर, डब्यावर सांगितलेल्या वेळेच्या मर्यादेत, पॉलिएस्टर स्प्रे फिलर मारा. तो दाट असतो, म्हणून स्प्रे गनला दोन मिलिमीटर किंवा त्याहून थोडे मोठे नोझल लागते, आणि तो जाड बसतो, म्हणजे घासून सरळ करायला माल मिळतो.

हे घासणे म्हणजे खरे काम. फिलरवर काळ्या गाईड कोटचा पुसट थर द्या आणि हातभर लांब, थोडा लवचिक ठोकळा घेऊन तिरके फटके मारा, आधी एका दिशेने, मग तिला छेदून. बोटांनी पेपर धरून कधीही घासू नका, बोटे खळगे तयार करतात. काळा रंग उंचवट्यांवरून आधी निघतो आणि खळग्यांत बेटे बनून उरतो. ती बेटे घासून संपवण्याच्या नादात आजूबाजूचा भाग खाली नेऊ नका. बेट मोठे असेल तर तिथे लांबी किंवा फिलरचा आणखी हात द्या. कोब्राच्या बॉडीवर सपाट जागा जवळजवळ नाहीच. मागच्या मडगार्डाची फुगीर कमान दोन दिशांनी वळते, तिथे ठोकळा कमानीच्या वळणाला आडवा तिरका धरून सरकवत न्यावा लागतो. संध्याकाळी गॅरेजची एकच ट्यूबलाइट चालू ठेवून पॅनेल त्या पॅनेल वाइपच्या द्रावणाने ओले करा आणि ट्यूबचे प्रतिबिंब पाहत डोके हळूहळू हलवा. प्रतिबिंब जिथे साप वळावा तसे वळते, तिथे पेन्सिल लावा. रंग चढल्यावर सगळ्यांना दिसणारी गोष्ट अशी आधी तुम्हालाच दिसते. असे दोन किंवा तीन फेरे होतील, शेवटचा फेरा २४० ते ३२० वर थांबवा.

त्यानंतर काही करू नका. गाडी बाहेर उन्हात ठेवत आत घेत दीड-दोन महिने जाऊ द्या. लांबी, रेझिन आणि फिलर पुढेही काही काळ आकसत राहतात, आणि ऊन लागले की जे बाहेर यायचे ते अस्तरातच बाहेर येते. रेषा दिसली, खळगा पडला, तर अजून वेळ आहे. मी ज्या गाड्या घाईने रंगवलेल्या पाहिल्या आहेत, त्यांत हीच पायरी गाळलेली होती.

निळ्या रंगाविषयी मी तुमचे मन वळवणार नाही, कोब्रा निळी शोभतेच. फक्त एवढे लक्षात असू द्या, की गडद रंग उन्हात पांढऱ्यापेक्षा खूप तापतो, पॉलिएस्टर तापले की थोडे मऊ पडते, आणि मग मॅटची वीण रंगात उमटू लागते. शिवाय गडद चकाकी प्रत्येक लाट दाखवते. १९५३ साली फायबरची बॉडी घेऊन आलेल्या पहिल्या ३०० कॉर्व्हेट या अमेरिकी स्पोर्ट्स कार साऱ्या पांढऱ्या होत्या. निळाच हवा असेल तर वर सांगितलेली प्रतीक्षा तुमच्यासाठी दुप्पट महत्त्वाची आहे.

शेवटी घरच्या गॅरेजात रंग मारण्याविषयी. इथे माझे उत्तर नाही असे आहे. आजचे टू-पॅक (हार्डनर मिसळून मारायचे) रंग, क्लिअर म्हणजे वरचा पारदर्शक थर, आणि बहुतेक टू-पॅक अस्तरे यांच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतात. ब्रिटनमध्ये कामामुळे होणाऱ्या दम्याच्या प्रमुख कारणांत त्यांची गणना होते, आणि एकदा शरीर त्यांना संवेदनशील झाले की नंतर अगदी थोड्या वाफेनेही दमा उठतो. कार्ट्रिजचा साधा मास्क पुरत नाही, बाहेरून स्वच्छ हवा पुरवणारा मास्क आणि शोषण करणारा बूथ लागतो. घराला लागून असलेल्या गॅरेजमधून ती वाफ दाराखालून स्वयंपाकघरात जाते. इपॉक्सी अस्तर आणि पॉलिएस्टर फिलर तुम्ही मारू शकता, पण आधी हार्डनरच्या डब्यावर आयसोसायनेट लिहिलेले नाही ना ते पाहा, काही इपॉक्सी अस्तरांतही ते असते. शिवाय सेंद्रिय वाफा अडवणारा मास्क, हातमोजे आणि उघडी दारे हवीतच. त्यापुढचे टू-पॅक अस्तर, पाणी पेपर आणि रंग पेंटरकडे सोपवा. त्याने सांगितलेल्या आकड्यात मोठा वाटा बहुधा तयारीच्या तासांचा असतो, आणि ते तास तुम्ही दिलेले असतील.

त्याच्याकडे गाडी नेताना एका कागदावर कोणत्या कंपनीचे इपॉक्सी, कोणता फिलर, किती हात आणि कोणत्या तारखेला, हे लिहून द्या, म्हणजे तो जुळणारा माल निवडेल. बॉडी फायबरची आहे हे त्याला स्पष्ट सांगा. पत्र्याच्या गाड्या बूथमध्ये बरेचदा साठ अंशांच्या आसपास भाजतात, तुमची कमी तापमानावर जास्त वेळ ठेवायला सांगा. फायबर फडक्याने पुसताना स्थिर वीज धरते आणि धूळ ओढून घेते, म्हणून शेवटचे पुसणे अँटिस्टॅटिक द्रावणाने करायला त्याला आठवण द्या.

आणि मामांना या कामातून वगळू नका. पहिला गाईड कोट मारून झाला की त्यांना व्हिडिओ कॉल करा, कॅमेरा पॅनेलच्या अगदी जवळ, तिरका धरून, ट्यूबलाइटचे प्रतिबिंब दाखवत सावकाश न्या. कुठला खळगा लांबीचा आणि कुठला नुसत्या फिलरचा, हे त्यांचे डोळे माझ्या हजार शब्दांपेक्षा लवकर सांगतील. उन्हाळ्यात तुमचे दुपारचे दोन वाजतात तेव्हा तिकडे साडेसहा झालेले असतात, म्हणजे शटर ओढायच्या आधी त्यांना थोडी सवड असते.